राजकन्येची चिरडी

दिवाळी अंकासाठी चिरडीविषयी लिहीन, असं मी संपादकांना कळवलं, तर त्यांचं उलट टपाली कार्ड आलं. सिनेमाच्या धंद्यात कोण कुणावर चिरडीला आलं होतं ते जरूर लिहा, वाचकांना आवडेल, असं त्यात होतं. मी कार्ड दोनदा वाचलं आणि एकटीच हसले. चिरडीला आलेली माणसं मी मद्रासच्या कोडंबाक्कममधल्या स्टुडिओत रोज पाहिली, त्यात मीही असे. पण मला सांगायची आहे ती चिरडी अंगावर नेसायची. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत लहान मुलीच्या लुगड्याला चिरडी म्हणत. रुंदीला कमी, लांबीला कमी, पण काठ आणि पदर मोठ्या बाईच्या लुगड्यासारखेच. मी सहा-सात वर्षांची असताना सणावाराला नेसत असे. पुढे मद्रासला आलो, आजूबाजूच्या मुली पावाडै म्हणजे घोळदार परकर घालत, आमच्याही मुली तेच घालू लागल्या. वस्तू गेली आणि मागोमाग शब्दही गेला.

मी स्टुडिओच्या कपडेखात्यात कामाला लागले ती आमच्या ह्यांच्या डोळ्यांमुळे. हे छापखान्यात मुद्रितं तपासत. तमिळ, इंग्रजी आणि कधीमधी मराठी. बारीक खिळे वाचून वाचून म्हणा किंवा मुळातच म्हणा, चाळिशीच्या आत डोळे अधू झाले. मला शिवण येत होतं. शेजारच्या आळीत पेरुमाळ मास्तर राहत, ते स्टुडिओतले मुख्य शिंपी. त्यांना नटींना लुगडी नेसवायला एक घरंदाज बाई हवी होती. सिनेमात जाणार म्हटल्यावर नात्यातल्या चार घरांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. मी नुंगंबाक्कम स्टेशनात गाडीत बसायची ती पुढच्याच स्टेशनावर, कोडंबाक्कमला उतरायची. एवढ्या जवळ जाण्याला लोक वाया जाणं म्हणत, याचं मला हसू येई.

स्टुडिओत सगळे मला 'बाईअम्मा' म्हणत. बाई आमच्या नावातलं आणि अम्मा त्यांचं. दोन्ही लावल्याने माझा दरारा दुप्पट झाला, असं पेरुमाळ मास्तर म्हणत.

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तसं झगमगीत नव्हतं. त्या वेळची चित्रं काळी-पांढरी. पांढराशुभ्र कपडा दिव्यांखाली असा फाके की नटीचा चेहरा दिसेना. म्हणून पडद्यावर पांढरं दिसणारं प्रत्येक लुगडं आम्ही चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करत असू. नायिकेने सकाळी उंबरठा ओलांडला त्याचं चित्रण आज, आणि ती अंगणात उतरली त्याचं चित्रण तीन आठवड्यांनी. मधल्या काळात तिच्या पदराची घडी, निऱ्यांची संख्या, डाव्या खांद्यावरची टाचणी, सगळं माझ्या वहीत. एकदा एका विधवेच्या प्रसंगात मी वहीतलं मागच्या दिवसाचं पान उघडलं आणि तिला हिरव्या बांगड्या चढवल्या. कॅमेरामनने पाहिलं म्हणून वाचलो.

भाषेच्याही गमती होत. हिंदी चित्रासाठी मुंबईची एक मराठी नटी आली होती. आपल्या भाषेचं माणूस भेटलं म्हणून ती खूश. मला म्हणाली, "बाई, एखादं चांगलं पातळ आणा ना." आमच्याकडे पातळ म्हणजे जे जाड नाही ते. मी गोदाम धुंडाळून मलमलीचा सर्वांत तलम तुकडा आणला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मी तिच्याकडे. मग कळलं की तिकडे लुगड्यालाच पातळ म्हणतात. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. तेव्हापासून त्यांनी मला पुण्याची मासिकं मोठ्याने वाचायला लावली. त्यांच्या डोळ्यांचा ताण वाचला आणि माझं मराठी सुधारलं.

आता मूळ गोष्ट. आमच्या स्टुडिओत तंजावरच्या मराठी राजांच्या काळावर एक तमिळ चित्र निघालं. रीतिरिवाज चुकू नयेत म्हणून तंजावरहून भीमराव पंडित नावाचे वृद्ध गृहस्थ आणले होते. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, बोलणं मोजकं, अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक प्रसंगाला कुणी काय ल्यावं याची यादी त्यांनी मराठीत लिहून दिली. सहायक दिग्दर्शकाने ती त्यांच्याकडून वाचून घेतली आणि तमिळ लिपीत उतरवली. एका प्रसंगात आठ वर्षांच्या राजकन्येला तिची आई स्वतःच्या हाताने सजवते. त्यापुढे पंडितांनी लिहिलं होतं, चिरडी.

इथे तमिळ लिपीबद्दल सांगायला हवं. तिच्यात च आणि स यांना एकच अक्षर, श लिहायलाही लोक तेच वापरतात. ट आणि ड यांनाही एकच. चिरडी असं लिहिलं तर वाचणारा सिरडी वाचेल, चिरटी वाचेल किंवा शिरडी वाचेल. आमचे पेरुमाळ मास्तर दर गुरुवारी मैलापूरला साईबाबांच्या देवळात जात. त्यांनी शिरडी वाचलं.

चित्रणाच्या दिवशी सकाळी मी राजकन्येचं गाठोडं सोडलं. आत छोटीशी कफनी होती आणि डोक्याला बांधायचं फडकं. चहाच्या पाण्यातून काढून, इस्त्री करून, मोठ्या भक्तीने घडी घातलेली. मी मास्तरांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, यादीत शिरडी लिहिलंय, मराठी राजाची मुलगी, तिला भक्ती असणारच. साईबाबा त्या राजांच्या कितीतरी नंतरचे, हे त्यांच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या खात्यात कुणाच्याच आलं नसतं. मी यादी हातात घेतली. तमिळ अक्षरं ओठांत पुटपुटली, एकदा अशी, एकदा तशी. आणि तिसऱ्यांदा माझ्याच तोंडून तो शब्द बाहेर पडला. वीस-पंचवीस वर्षांत मी तो उच्चारला नव्हता.

भीमराव पंडित त्या दिवशी तापाने त्यांच्या खोलीवर पडून होते. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर मला विचारलं, चिरडी म्हणजे काय ते तुम्हाला नक्की माहीत आहे का? मी म्हटलं, नेसलेय. सगळा सेट माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मला काही ठाऊक होतं जे तिथे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची हवा माझ्या डोक्यात गेली, हे मी आज कबूल करते.

मी वर्णन सांगितल्यावर पेरुमाळ मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाईअम्मा, हे तर आमचं सित्ताडै! माझ्या बहिणी नेसायच्या." पण ते आणायचं कुठून? दुपारी दोनला चित्रण. दुकानांत मिळतील ती सुती, ठळक चौकड्यांची. गोदामातल्या रेशमी लुगड्यांची जर खोटी. दुरून चालून जाई, पण हा प्रसंग जवळून घ्यायचा होता. कॅमेरामनने दोन लुगडी दिव्याखाली धरली आणि पत्रा चमकतोय म्हणून परत दिली. त्याला जुनी, खऱ्या चांदीची जर हवी होती, मंद दिसणारी, आणि मुलीच्या अंगाला शोभेल अशी बारीक किनार.

तसं एक लुगडं माझ्या घरी होतं. डाळिंबी रेशीम, बोटभर हिरवी किनार, पदरावर जरीचे आडवे पट्टे. माझ्या सासूबाईंचं. पण ते माझं नव्हतं. सासूबाईंनी जाताना ते माझ्याकडे ठेवायला दिलं होतं, माझ्या थोरल्या नणंदेच्या, कमळाअक्काच्या मुलीसाठी. अक्काचं बिऱ्हाड ट्रिप्लिकेनला दोन खोल्यांत, तिथे उंदीर फार, म्हणून लुगडं आमच्या पेटीत.

मी दहाच्या गाडीने घरी आले. पेटी उघडली. हे ओसरीवर बसले होते. कापूर आणि वाळ्याचा वास आल्याबरोबर त्यांनी ओळखलं. त्यांनी विचारलं, "अक्काला विचारलंस?" मी म्हटलं, ट्रिप्लिकेनला जाऊन यायला वेळ नाही, आणि नुसतं दुमडून नेसवायचं आहे, संध्याकाळी परत आणते. ते लुगड्याची किनार दोन बोटांत धरून जरा वेळ बसले आणि मग सोडून दिली.

दुमडून जमलं नाही. नऊ वार लुगडं ते, आठ वर्षांच्या पोरीच्या अंगावर दुमडून दुमडून त्याचं गाठोडं झालं. ती मुलगी, बेबी कस्तुरी, गुणी पोर. तक्रार न करता दोन पावलं चालली आणि तिसऱ्याला पडली. साडेबारा वाजले होते. मास्तर म्हणाले, एकच उपाय आहे. पदराकडून चार वार वेगळं करायचं. मग रुंदी कमी करायची, पण काठ दोन्ही बाजूंना हवेत, म्हणून मधून उभी पट्टी काढायची आणि दोन्ही अंगं जोडायची. शिवण निऱ्यांत लपेल. त्यांनी कात्री हातात घेतली आणि मला विचारलं. मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी कात्री त्यांच्या हातातून घेतली आणि पहिला काप मीच दिला. त्यांच्या हातून व्हायला नको, एवढं शहाणपण त्या घडीला माझ्यात शिल्लक होतं.

चित्रण मात्र फार छान झालं. राणीचं काम करणारी नटी पंजाबी, तिला कासोटा घालता येईना. शेवटी ठरलं की जवळून हात दिसतील ते माझे. मी राणीच्या बांगड्या चढवल्या आणि दिव्यांपुढे गुडघ्यांवर बसले. कासोटा खोचताना कस्तुरीला गुदगुल्या झाल्या आणि ती खुदकन हसली. मला वाटलं, आता पुन्हा घ्यावं लागणार. पण दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, राजकन्येलाही गुदगुल्या होत असतील.

संध्याकाळी मी लुगडं मागायला गेले तोवर गोदामवाल्याने त्याच्या आतल्या कडेला काळ्या शाईने नंबर उठवला होता. चित्रात वापरलेला कपडा चित्र पुरं होईपर्यंत बाहेर जात नाही, हा नियम मीच दहा जणांना ऐकवलेला. आणि चित्र पुरं झाल्यावर तो स्टुडिओचाच होतो. मॅनेजरने बदली एक नवंकोरं कांचीपुरमचं लुगडं दिलं. ते आणि उरलेले पाच वार घेऊन मी दुसऱ्या दिवशी ट्रिप्लिकेनला गेले.

कमळाअक्का ओरडणारी बाई नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उरलेलं लुगडं मांडीवर घेतलं आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "उंदरांनी कुरतडलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. तू कापलंस, आता मी काय करू?" नवं लुगडं तिने न उघडता माझ्या पिशवीत परत ठेवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. भावाकडे यायची, त्याच्याशी बोलायची, माझ्या हातची कॉफी प्यायची आणि जायची.

पुढच्या एका रविवारी भीमराव पंडित आमच्याकडे फराळाला आले. पेरुमाळ मास्तरांनाही बोलावलं होतं. कफनीची हकीकत ऐकून पंडित इतके हसले की त्यांचा खोकला उसळला. मग दोघांचा वाद लागला, शब्द कुणाचा. पंडित म्हणाले, संस्कृतात चीर म्हणजे वस्त्राची चिंधी, आणि ऋषी नेसत ते वल्कलही. त्याला लहान आकार दाखवणारा डी लागून चिरडी. घोंगडं-घोंगडी, आंगडं-टोपडं, त्याच कुळातलं. मास्तर म्हणाले, छे, सिरु म्हणजे लहान आणि आडै म्हणजे वस्त्र, भरभर म्हटलं की सित्ताडै. तुम्ही मराठे तंजावरला आलात तेव्हा आमच्या मुलींच्या अंगावर ते होतंच, पाहिलंत आणि नाव उचललंत. पंडित म्हणाले, मग देशावर कावेरी न पाहिलेल्या बायकाही चिरडी म्हणत, त्याचं काय?

ह्यांनी मला कपाटातला जाडा कोश काढायला सांगितलं. मी वाचून दाखवलं. चिरडी, लहान मुलीचं लुगडं. आणि लगेच पुढे, चिरडीस येणे, म्हणजे संतापणे. मास्तरांना याची फार गंमत वाटली. म्हणाले, लहान मुलीला लुगडं नेसवायला घेतलं की आई संतापणारच, दोन्ही अर्थ बरोबर आहेत. हे म्हणाले, दुसऱ्याचा संबंध चिरडण्याशी असावा, लुगड्याशी नसावा. मग ह्यांनी निवाडा दिला. दोन्ही शब्द आपापल्या घरी जन्मले असतील. पण तंजावरात इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले. एकाच विणकराकडे आई जाऊन चिरडी मागायची आणि शेजारीण सित्ताडै, आणि तो दोघींना एकच वस्तू द्यायचा. आता कोण कुणासारखं दिसतं हे विचारण्यात अर्थ नाही. पंडितांना हे शास्त्रशुद्ध वाटलं नाही. मास्तरांनाही वाटलं नाही. पण दोघांनी आणखी एकेक कॉफी घेतली. मला मात्र राहून राहून वाटत होतं की चिंधीवरून आलेला शब्द खरा करायला मी एका चांगल्या लुगड्याच्या चिंध्या केल्या.

चित्र लागलं तेव्हा मी दुसऱ्या चित्राच्या कामात अडकले होते. ह्यांना एकट्याने जाऊन काही दिसलं नसतं. त्यांनी अक्काला निरोप धाडला, तू माझ्याबरोबर चल आणि पडद्यावर काय चाललंय ते मला सांग. अक्काने जन्मात सिनेमा पाहिलेला नव्हता. पण धाकट्या भावाला ती कधी नाही म्हणाली नव्हती. ह्यांनी नंतर सांगितलं की पहिला अर्धा तास अक्का रागारागाने सांगत होती. घोडा आला, घोडा गेला, बाई रडते. मग राजकन्या आली आणि अक्का गप्प झाली. हे विचारत राहिले, ती सांगेना. शेवटी म्हणाली, आईची किनार आहे रे. आणि हात तुझ्या बायकोचे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या दारात उभी. सात महिन्यांनी माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलली. "निऱ्या उजवीकडे फार ओढल्यास."

मी म्हटलं, हो अक्का, ओढल्या. तिने चपला काढल्या आणि आत येऊन स्वयंपाकघरात बसली. कापल्याबद्दल तिने मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. लुगडं नेसून नेसून जुनं होतं, पण ज्याच्यासाठी ठेवलं त्याला न विचारता उचललं, हे जुनं होत नाही. तिची मुलगी लीला म्हणाली होती, नऊवारी मी नेसलेच नसते, मामी, मनाला लावून घेऊ नका. लीलाचं मन मोठं, पण लुगडं तिच्या आजीने तिला दिलं होतं, आणि ते माझ्या मोठेपणापायी गेलं.

यानंतर अक्काला नवाच नाद लागला. आमच्या गोदामात एकदा आलेला कपडा मरत नसे. ती चिरडी पुढे बाळकृष्णाचं पीतांबर झाली, एका नर्तकीची ओढणी झाली, एकदा रथाच्या छताला लागली. मी घरी येऊन सांगायची, अमुक चित्रात आहे, आणि अक्का ह्यांना घेऊन जायची. सिनेमाला आयुष्यभर नावं ठेवणारी ही बाई पौराणिक चित्र पहिल्या आठवड्यात बघू लागली. गोष्टीकडे तिचं लक्ष नसे. कोपऱ्यातली दासी, मागचा पडदा, द्वारपालाचं पागोटं, सगळं शोधून काढायची. तोपर्यंत ह्यांना उजेड-अंधारापलीकडे दिसत नव्हतं. अक्का कानाशी लागून सांगायची. मागच्या रांगेतली माणसं चिडायची, पण तिला त्याचं काही नसे.

मग रंगीत चित्रं आली. आमच्या स्टुडिओचं पहिलं रंगीत पौराणिक चित्र लागलं तेव्हा मी रजा काढली आणि तिघंही गेलो. त्या चित्रात ती चिरडी राक्षसांच्या सेनापतीच्या कमरेला पट्ट्यासारखी गुंडाळली होती. हे मला ठाऊक होतं, मीच गुंडाळली होती. अक्काला सांगायचा धीर झाला नव्हता.

सेनापती दरबारात आला. अक्काने माझं मनगट धरलं. इतकी वर्षं पडद्यावर तिने आईचं लुगडं राखाडी पाहिलं होतं. आता तो डाळिंबी रंग पडदाभर होता आणि हिरवी किनार दिव्यांत झळकत होती.

"दिसलं का?" ह्यांनी विचारलं.

"दिसलं," अक्का म्हणाली. "रंग आईच्या अंगावर होता तसाच आहे. कणभर उतरलेला नाही."

"कुणाच्या अंगावर आहे?"

अक्काने त्या मिशाळ, दात पुढे आलेल्या सेनापतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"राजकन्येच्या," ती म्हणाली.

तेवढ्यात सेनापतीने गदा आपटली आणि छत हादरेल असा गडगडाटी हसला. हे अक्काच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "राजकन्येचा आवाज बसलाय वाटतं."